बाजार उठू नये म्हणून

कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद हा तालुका पश्चिमेस अक्कलकोटला आणि उत्तरेस उमरग्याला भिडलेला असून, त्याची सीमा ज्या काळ्या रानांतून गेली आहे त्या रानांना पावसाने वा पिकाने ती कधीच जाणवू दिलेली नाही. बांधाच्या अलीकडे शाळू आणि तूर, पलीकडेही शाळू आणि तूर, आणि हस्त कोरडा गेला की दोहोंकडे एकच चिंता. मात्र जे निसर्गाने केले नाही ते राज्यकर्त्यांनी पुनःपुन्हा केले. 1948 पूर्वी आळंद व उमरगा हे दोन्ही निजामाच्या मुलखात, अक्कलकोट हे भोसल्यांचे संस्थान, आणि सोलापूर हा इंग्रजांचा खालसा जिल्हा. म्हणजे आळंदच्या शेतकऱ्याला आपली ज्वारी सोलापूरच्या पेठेत न्यायची झाली तर शंभर किलोमीटरांच्या आतबाहेर त्याने तीन अंमल ओलांडावेत, निजामाच्या करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी आणि हातातला निजामाचा हाली सिक्का इंग्रजी कलदारात बदलून घ्यावा, ज्यात सहा कलदारांना साधारण सात हाली मोजावे लागत आणि बट्टा सराफाच्या मर्जीनुसार कमीजास्त होई. 1956 च्या राज्यपुनर्रचनेने आळंद म्हैसूर राज्यात गेले, उमरगा मुंबई राज्यात. नाके बदलले, हुद्दे बदलले, आणि ज्वारीची वाट पूर्वीइतकीच वाकडी राहिली.

हा सारा भूगोल आरंभी सांगण्याचे कारण असे की, दुष्काळ म्हटला की आपली दृष्टी आभाळाकडे आणि नंतर सरकारी कोठाराकडे वळते. या दोहोंच्या मध्ये जो बाजार असतो, त्याच्याकडे ती फारशी वळत नाही. मराठी मनावर या बाबतीत दामाजीपंतांच्या कथेचा संस्कार फार खोल आहे. बिदरच्या बहमनी पातशाहीचा मंगळवेढ्याचा हा अंमलदार. पंधराव्या शतकातल्या घोर दुष्काळात त्याने पातशाही कोठारे उघडून रयतेस धान्य लुटविले, आणि बिदरच्या दरबारी त्याच्यावर गदा येणार तोच विठू महार होऊन साक्षात पांडुरंगाने त्या धान्याचे मोल भरले, अशी ही कथा आहे. तिच्या कारुण्याविषयी माझ्या मनात लवमात्र संदेह नाही. परंतु कथेच्या कडेला एक अर्थशास्त्रीय चिमटा आहे, तो कीर्तनकारांनी सहसा घेतलेला नाही: विठ्ठलालाही हिशेब रोकडीनेच चुकता करावा लागला, आणि कोठारे एकदाच उघडता येतात. एका वर्षाच्या दुष्काळाला कोठार पुरते. तीन वर्षांच्या, किंवा दर चौथ्या वर्षी परतून येणाऱ्या दुष्काळाला ते पुरत नाही. तेथे धान्य येण्याची वाट वाहती राहावी लागते.

ती वाट पूर्वी बंजाऱ्यांची होती. आज आळंद, चिंचोळी, बसवकल्याण या भागांत जे लमाण तांडे दिसतात आणि ज्यांतील माणसे हंगाम सरला की ऊसतोडीला किंवा मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर जातात, त्यांचे पूर्वज हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मोगलांच्या व निजामाच्या फौजांना रसद पोहोचवीत आणि फौज नसेल तेव्हा महागाईच्या मुलखात धान्य नेऊन मिठाच्या गोण्या घेऊन परतत. त्यांच्या व्यापाराला एकच नियम माहीत होता: जेथे भाव चढा तेथे तांडा. त्यांचा हा धंदा आगगाडीने बुडविला. सोलापूरहून गुलबर्गा मार्गे रायचूरपर्यंतची लोहमार्गाची जोडणी 1871 मध्ये पूर्ण झाली, आणि पाचच वर्षांनी, 1876 च्या कोरड्या पावसाळ्याने, त्या नव्या वाटेची परीक्षा पाहिली.

ती परीक्षा बोधप्रद आहे, कारण तिच्यात वाट पास झाली आणि माणसे नापास झाली. मुंबई इलाख्याच्या सरकारने धान्याच्या व्यापारात हात घालावयाचा नाही असे धोरण ठेविले. खाजगी व्यापाऱ्यांनी आगगाडीने धान्य आणले, सोलापूरच्या पेठेत पोती उतरली. पण ज्याचे शेत करपले, ज्याचा माग थांबला, ज्याला गवंडीकामावर कोणी बोलावीना, त्याच्या कनवटीला पैसा कोठून यावा? पैसा यावयाचा तो सरकारी कामावरच्या मजुरीतून, आणि नेमकी तीच मजुरी 1877 च्या आरंभी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहाने उतरविण्यात आली: पुरुषाला दिवसाकाठी एक पौंड, म्हणजे सुमारे अर्धा शेर, धान्याइतका पैसा आणि वर एक आणा. इलाख्यातील कामांवरून हजारो मजूर निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, विशेषतः गणेश वासुदेव जोशी यांनी, खेड्याखेड्यांतून माहिती जमवून सरकारदरबारी जी निवेदने धाडली, त्यांचा रोख हाच होता की पेठेत माल असणे आणि घरात भाकरी असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. 1878 मध्ये नेमलेल्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींतून जी दुष्काळसंहिता तयार झाली, तिने मजुरी धान्याच्या चालू भावाशी जोडली. भाव चढला की मजुरी चढावी. व्यापाराला मोकळीक द्यावयाची आणि ग्राहकाच्या हाती पैसाही द्यावयाचा, असे हे दुहेरी सूत्र कागदावर तरी तेव्हाच मान्य झाले होते.

त्याची खरी प्रचीती यावयास जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

1970 पासून महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात पाऊस हटला होता. 1972 चा पावसाळा तर कोरडाच गेला, आणि 1972-73 साली राज्यातील अन्नधान्याचे उत्पादन नेहमीच्या निम्म्याहूनही खाली आले. मराठवाडा, सोलापूर, नगर यांची दैना झाली. सीमेच्या अलीकडे विजापूर-गुलबर्ग्याकडेही निराळी स्थिती नव्हती. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे लहान प्रमाणावर अजमावलेली, मागेल त्याला काम देण्याची कल्पना आता राज्यभर पसरली. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबंडिंग, कच्चे रस्ते. दिवसाला दोन-तीन रुपयांची मजुरी. मे 1973 मध्ये या कामांवरील मजुरांची संख्या एकूणपन्नास लाखांच्या घरात पोहोचली. त्या पिढीतील माणसे आजही बोलतात ती खडीबद्दल, सुकडीबद्दल आणि रेशनवर मिळालेल्या अमेरिकन मिलोबद्दल, जिची लाल भाकरी गिळताना घशात अडे असे सांगितले जाते.

या आठवणींत एक गोष्ट सहसा नसते, ती म्हणजे धान्य आले कोठून. सरकारी शिधावाटपाने मोठा भार उचलला हे खरे. पण राज्यात पिकलेले आणि रेशनवर वाटलेले धान्य एकत्र मोजले तरी लोकांनी खाल्लेल्या धान्याची बेरीज जुळत नाही. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा जो काटेकोर अभ्यास केला, त्यात ही तूट कशी भरून निघाली याचे उत्तर आहे: शेजारच्या राज्यांतून, खाजगी व्यापाऱ्यांनी, कायदा मोडून. त्या काळी देशातील प्रत्येक राज्य हा धान्याचा स्वतंत्र विभाग मानला जाई आणि परवान्याखेरीज एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धान्य नेणे हा गुन्हा होता. महाराष्ट्रात तर ज्वारीची एकाधिकार खरेदी 1960 च्या दशकाच्या मध्यापासून चालू होती, आणि ऐन दुष्काळात, एप्रिल 1973 मध्ये, केंद्र सरकारने गव्हाचा घाऊक व्यापारही आपल्या हाती घेऊन पाहिला, जो प्रयोग वर्षभरातच गुंडाळावा लागला. म्हणजे एकीकडे सरकार मजुरांच्या हाती रोकड देत होते आणि दुसरीकडे त्या रोकडीच्या ओढीने येऊ पाहणारे धान्य सीमेवर अडवीत होते. सुदैवाने पहिले काम त्याने निष्ठेने केले आणि दुसरे तितक्या निष्ठेने केले नाही. तस्करीचे समर्थन करणे हा या प्रकरणाचा उद्देश नाही. परंतु ज्या गाड्या रात्री दिवे मालवून सीमा ओलांडत होत्या, त्यांतील पोत्यांनी किती चुली पेटत्या ठेविल्या याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही, आणि आळंद-वागदरीसारख्या रस्त्यांच्या बाजूने राहणाऱ्या माणसाने तरी तो विसरू नये असे मला वाटते.

त्याच 1973 साली, इथिओपियाच्या वोलो प्रांतात दुष्काळ होता. तेथेही पीक बुडाले होते. पण तेथे मजुरी नव्हती, काम नव्हते. अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की वोलोतील देसे शहरी धान्याचे भाव फारसे चढलेच नाहीत, कारण भाव चढवावयास ग्राहकाच्या हाती पैसा लागतो; आणि जे थोडेफार धान्य होते त्यातील काही तर अदिस अबाबासारख्या पैसेवाल्या शहरांकडे वाहून गेले. एकाच वर्षी, एकाच प्रकारच्या संकटात, बाजाराने महाराष्ट्रात धान्य आत आणले आणि वोलोतून बाहेर नेले. बाजाराला दया नाही, द्वेषही नाही. त्याला दिशा असते, आणि ती दिशा गरिबाच्या खिशातील रुपया ठरवितो.

हा विचार अलीकडच्या जगात मदतकार्याच्या व्यवहारात स्थिर झाला आहे. सोमालियात 2011 च्या जुलैमध्ये दुष्काळ जाहीर झाला तेव्हा दक्षिणेतील बंडखोरांच्या मुलखात धान्याचे ताफे जाऊ शकत नव्हते. मदतसंस्थांनी हवालावाल्यांच्या मार्फत दहा लाखांहून अधिक माणसांना रोकड पोहोचविली, आणि सोमाली व्यापाऱ्यांनी, जे यादवीतही दुकान चालविण्यात निष्णात झाले होते, धान्य आणले. जॉर्डनच्या झातारी छावणीत 2012 पासून राहणाऱ्या सीरियन निर्वासितांनी शिध्याच्या पेट्या विकून जो फाटका बाजार मांडला, त्याचीच पुढे एक लांबलचक पेठ झाली, आणि जागतिक अन्न कार्यक्रमाने पेट्यांऐवजी कूपने देऊ केली. वर्षानुवर्षे चालणाऱ्या संकटात लोकांना रोज आयता शिधा देत राहिल्यास आसपासचा वाणी, पिठाची गिरणी, हमाल, टांगेवाला हे सारे हळूहळू उठून जातात, आणि संकट सरल्यावर जो गाव उरतो त्यात विकणाराच नसतो, हे मदतसंस्थांना अनुभवाने कळले.

आता हे सूत्र आळंदकडच्या बाजारात उभे राहून पाहू.

अवर्षणाच्या वर्षी आठवडी बाजारातून प्रथम नाहीसे होते ते धान्य नव्हे. प्रथम बांगड्यांचे आणि कापडाचे फड विरळ होतात, मग भांड्यांचे. भाजीचे ढीग लहान होतात आणि ढिगांऐवजी वाटे लागतात. जनावरांच्या बाजारात मात्र गर्दी एकाएकी वाढते, कारण ज्याच्या दारी कडब्याची गंजी उरली नाही तो बैलजोडी घेऊन उभा असतो आणि सर्वच विकणारे असल्यामुळे घेणारा भाव पाडतो. किराणा दुकानात धान्य असते. तेथे खूण निराळी असते: दुकानदाराच्या लाल कापडी बांधणीच्या वहीत नेहमीचे खाते असले की पूर्वी तो न विचारता तेल-मीठ मोजून देई, तो आता वही उघडण्यापूर्वी मान वर करून ‘मागचं किती झालं बघा’ म्हणतो, आणि आणखी महिन्याने वहीला हातच लावीत नाही. हा दुकानदार निष्ठुर झाला असे समजू नये. त्याला सोलापूरच्या किंवा कलबुर्गीच्या घाऊक व्यापाऱ्याने उधारी थांबविलेली असते, त्या व्यापाऱ्याला आडत्याने, आणि आडत्याची उचल ज्या तुरीवर दिलेली होती ती तूर शेतातच वाळलेली असते. पतीची ही साखळी पावसाने सुरू होते आणि पावसानेच तुटते.

येथे रोजगार हमीच्या मजुरीचा एक अवगुण सांगितला पाहिजे. पागे यांच्या योजनेचा वारसा सांगणारा राष्ट्रीय रोजगार हमीचा कायदा 2005 मध्ये झाला, त्यात पंधरा दिवसांत मजुरी देण्याची तरतूद होती, दुष्काळी तालुक्यांत शंभराऐवजी दीडशे दिवसांपर्यंत काम देता येई. पण प्रत्यक्षात निधीच्या खोळंब्याने मजुरी महिनोन् महिने तुंबल्याची उदाहरणे ठिकठिकाणी आहेत. ज्या घरी हजेरीपट भरला आणि खात्यात पैसा आला नाही, त्या घराने खाल्ले काय? त्याने वाण्याच्या वहीतून खाल्ले. म्हणजे सरकारच्या थकबाकीचे व्याज खेड्यातला किराणा दुकानदार भरतो, आणि त्याचा जीव जेवढा, तेवढीच ती योजना टिकते. 1972 साली मजुरी रोख आणि बहुधा आठवड्याच्या हिशेबाने हाती पडे. कामाच्या ठिकाणाजवळच पगाराच्या दिवशी शेवचिवड्यापासून ज्वारीपर्यंतचे विक्रेते जमत. संगणकाने हजेरी सुधारली असेल. पगाराच्या दिवशी भरणारा तो बाजार मात्र गेला.

जनावरांच्या बाबतीत तर गुंता अधिकच आहे. महाराष्ट्रात 2012-13, आणि नंतर 2018-19, या दुष्काळांत चारा छावण्या उघडल्या गेल्या. 2019 च्या उन्हाळ्यात मोठ्या जनावरामागे दिवसाला शंभर रुपये अनुदान मिळत होते. छावण्यांनी लाखो जनावरे वाचविली, याविषयी दुमत नाही. परंतु छावणीचा ठेकेदार घाऊक प्रमाणात चारा उचलू लागला की छावणीबाहेरच्या लहान शेतकऱ्याला कडब्याची पेंडी परवडेनाशी होते, आणि तो आपली गाय छावणीच्या दावणीला आणून बांधतो, म्हणजे छावणी स्वतःच आपली मागणी वाढविते. चाऱ्याची कूपने देऊन शेतकऱ्याला आपल्या दारीच जनावर राखू द्यावे, ही सूचना मला अधिक शहाणपणाची वाटते. त्यात देखरेखीचे काम कठीण आहे, हेही मान्य केले पाहिजे. आणखी एक बाब नाजूक असली तरी टाळून चालणार नाही. मार्च 2015 मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल व वळूंनाही लागू झाला, आणि कर्नाटकातही 2021 मध्ये कडक कायदा आला. या कायद्यांच्या धार्मिक व नैतिक बाजूविषयी प्रत्येकाचे मत असू शकते. परंतु 2015-16 च्या दुष्काळात म्हातारा बैल विकून घरात बी-बियाण्याचे पैसे आणण्याची शेतकऱ्याची जुनी सोय खुंटली, ही वस्तुस्थिती जनावरांच्या बाजारात उभे राहणाऱ्या कोणालाही नाकारता येणार नाही. ज्याने हा बाजार बंद केला त्याने त्या बैलाच्या उरलेल्या आयुष्याचा खर्चही पत्करावयास हवा होता.

तुरीची कथा त्याच वर्षांची आहे, ती थोडक्यात सांगतो. 2015 च्या अवर्षणाने तूर डाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली. शहरांतील ग्राहकाच्या आरोळीने सरकारने साठ्यांवर मर्यादा घातल्या, जुलै 2016 मध्ये मोझांबिकशी डाळ आयातीचा करार केला, आणि निर्यातीवरील 2006 पासूनची बंदी तशीच ठेविली. पुढच्या वर्षी पाऊस झाला, कलबुर्गीपासून लातूर-अकोल्यापर्यंत तूरच तूर पिकली, आणि 5,050 रुपये हमीभाव जाहीर असताना बाजारात क्विंटलचा भाव त्याच्या पुष्कळ खाली कोसळला. महाराष्ट्रातील खरेदी केंद्रांपुढे बैलगाड्यांच्या आणि ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला म्हणून मापे थांबली. निर्यात खुली झाली ती सप्टेंबर 2017 मध्ये, माल शेतकऱ्याच्या हातून गेल्यावर. दुष्काळातून उठू पाहणाऱ्या मुलखाला पहिले चांगले वर्ष हेच खरे साहाय्य असते. ते वर्ष आमच्या तूरवाल्यांच्या हातून असे गेले.

बाजारावर एवढा भर दिला म्हणजे शिधा किंवा अन्नछत्र व्यर्थ असा अर्थ कोणी घेऊ नये. ऑक्टोबर 2020 मध्ये भीमेला महापूर आला, अफझलपूर-जेवर्गीकडची गावे पाण्याने वेढली गेली. तेथे दुकानच पाण्याखाली असताना कोणाच्या खात्यात पैसे टाकून उपयोग नव्हता, तेथे शिजलेले अन्न आणि नावा हव्या होत्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये देशातील करोनाचा पहिला मृत्यू कलबुर्गीत नोंदला गेला आणि थोड्याच दिवसांत आठवडी बाजार सरकारी हुकुमाने बंद झाले. मुंबई-पुण्याहून परतलेल्या मजुरांच्या हाती ना काम होते ना बाजार. शेतात कलिंगडे कुजत होती आणि तालुक्याच्या गावी घराघरांतून शिध्याच्या पिशव्या वाटल्या जात होत्या. पिशव्या वाटणाऱ्यांनी पुण्यच केले. पण एक-दोन मैलांवरची कलिंगडे विकत घेऊन त्याच पिशवीत घालावीत, हे फार थोड्यांना सुचले.

याच्या उलट उदाहरण आळंदपासून फार दूर नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या परिसरात जो भूकंप झाला त्यात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली 52 गावे नव्या जागी वसविली गेली, बहुतेक ठेकेदारांकडून आणि दात्या संस्थांकडून, आखीव रस्त्यांनी आणि सिमेंटच्या घरांनी. पण त्याहून कितीतरी अधिक, पावणेदोन लाखांवर, घरे जागच्या जागी दुरुस्त व बळकट करण्याचे काम घरमालकाच्या हाती सोपविले गेले: मंजूर रक्कम हप्त्याहप्त्याने, देखरेख अभियंत्याची, गवंडी मालकाने निवडलेला. कोनाकोपऱ्यांत लोखंडी पट्टे कसे बांधावेत आणि दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड कसे घालावेत याचे शिक्षण गावच्याच गवंड्यांना दिले गेले. नव्या वसाहतींचे फोटो अहवालांतून अधिक छापले गेले; पण दुरुस्तीच्या कामातील वाळू, विटा, पत्रे, मजुरी यांचा पैसा उमरगा-लातूर-निलंग्याच्या परिसरातच फिरला, आणि पट्टे बांधण्याचे कसब गवंड्यांच्या हातात राहिले.

मग अंमलदाराने धान्य द्यावे की पैसा, हे ठरवावे कसे? याची कसोटी बाजारातच असते, आणि ती फार गहन नाही. आळंदच्या पेठेतील ज्वारीचा भाव आणि सोलापूरच्या पेठेतील भाव यांत वाहतूक, हमाली, तोलाई एवढेच अंतर असेल, आणि तरीही घरे उपाशी असतील, तर वाट उघडी आहे आणि खिसा रिकामा आहे. तेथे मजुरी वा रोकड द्यावी, बाकीचे व्यापारी पाहून घेतील. हे अंतर एकाएकी रुंदावले असेल, तर कोठेतरी वाट अडली आहे, पुराने, हुकुमाने वा दोन-चार बड्या साठेबाजांच्या संगनमताने. तेथे नुसता पैसा दिल्यास भावच चढतील, तेथे धान्य आणून ओतले पाहिजे. कसोटी सोपी असली तरी ती रोज पाहावी लागते, एकदाच पंचनामा करून भागत नाही.

जुन्या दुष्काळसंहितेला हे ठाऊक होते. दुष्काळाची चाहूल कशी ओळखावी यासाठी तिने अंमलदारांना ज्या खुणा सांगितल्या, त्यांत पावसाच्या आकड्यांबरोबर धान्यव्यापारातील अस्वस्थ धावपळ, सावकारी पतीचे आखडणे, गुराख्यांचे कळप भलत्या दिशेने निघणे आणि माणसांचे निष्कारण भटकणे यांचाही समावेश होता. म्हणजे त्या परकीय सरकारच्या कलेक्टरानेही वाण्याची वही पाहावी अशी अपेक्षा होती. 2016 च्या आपल्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत उपग्रहाने टिपलेली पिकांची हिरवाई आहे, जमिनीतील ओल आहे, धरणांचे साठे आहेत. निवड अधिक शास्त्रशुद्ध झाली. तरी 2023 साली कर्नाटकातील 236 पैकी 223 तालुके दुष्काळी जाहीर होऊनही केंद्राच्या मदतीसाठी राज्याला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि राज्याने जानेवारी 2024 मध्ये शेतकऱ्यांना पहिला हप्ता म्हणून जी रक्कम दिली ती कमाल दोन हजार रुपये होती. खरिपाचे नुकसान आणि पुढच्या बियाण्याची तयारी यांच्या मधल्या महिन्यांत ही रक्कम किराणा दुकानात गेली असेल, यात नवल नाही.

याच 2023 मध्ये एक प्रयोग अनवधानाने घडला. अन्नभाग्य योजनेखाली कर्नाटक सरकारने माणशी दहा किलो तांदूळ देण्याचे वचन दिले होते. केंद्राच्या अन्न महामंडळाने जादा तांदूळ विकण्याचे नाकारल्यामुळे जुलैपासून पाच किलो तांदळाऐवजी किलोला 34 रुपये या हिशेबाने माणशी 170 रुपये खात्यात जमा होऊ लागले. बेंगळुरूच्या चर्चेत ही एक नामुष्की होती, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सरकार पुन्हा तांदळावर आले. पण हा भाग भाकरीचा आहे. येथे रेशनचा तांदूळ पुष्कळ घरांतून बाजारात परत जातो, हे उघड गुपित आहे, आणि त्या वर्षी चांगल्या शाळूचा भाव 34 रुपयांच्या बराच वर होता. 170 रुपयांत पाच किलो शाळू येत नव्हता, तीनेक किलो येई. तरी तो येथल्या रानातला, येथल्या आडतीवर मापला गेलेला, येथल्या गिरणीत दळलेला असे. भावाशी जोडलेली रक्कम, ज्वारीच्या भावाप्रमाणे चढणारी, जशी 1880 च्या दशकातील संहितेने मजुरीसाठी सुचविली होती तशी, दिली गेली असती तर काय झाले असते, हे पाहण्याची संधी त्या दीड वर्षात होती. ती कोणी घेतली नाही. येत्या कोरड्या वर्षी निदान सीमेलगतच्या दोन-चार तालुक्यांत, रेशन दुकानावर तांदूळ, शाळू किंवा रोकड यांपैकी काय हवे ते कार्डधारकालाच निवडू द्यावे, आणि त्याबरोबर आळंद, दुधनी, उमरगा व सोलापूर या चार पेठांचे भाव आठवड्याला टिपून ठेवावेत. एवढे करावयास फौज लागत नाही, कृषी उत्पन्न बाजार समितीचा एक कारकून पुरतो.